कॅरिकॉमच्या नेत्यांना खुलं पत्र: राज्य चालवायला शिकवणारी शाळा कधी उघडणार?

प्रति,
माननीय राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधान,
कॅरिबियन समुदाय अर्थात कॅरिकॉम,
जॉर्जटाउन, गयाना

सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०१० मध्ये सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोत, तुम्ही तरुणांसाठी खास शिखर परिषद भरवली होती. तुम्हीच नेमलेल्या युवक आयोगाचा अहवाल तिथे मांडला गेला आणि तुम्ही जाहीरनामा मंजूर केलात. पुढे २०१२ ते २०२२ असा दहा वर्षांचा युवा विकास कृती आराखडा आला. नेतृत्व, शासन आणि सहभाग हे त्यातलं एक उद्दिष्ट होतं. आराखड्याची मुदत संपली. त्या उद्दिष्टाखाली कोणत्या देशात किती मुलं तयार झाली, त्यांतली किती जण आज नगरपालिकेत, संसदेत किंवा पक्षाच्या कार्यकारिणीत बसतात, हे सांगणारा एक कागदही माझ्या वर्गातल्या मुलांपर्यंत पोचलेला नाही. वर्षातून दोनदा तुम्ही एकत्र बसता, निवेदन काढता, त्यात तरुणांचा उल्लेख असतो. एवढ्यावर गप्प बसणं मला आता शक्य नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या डॉक्टरकीच्या नोकरीमुळे त्रिनिदादला आले आणि इथलीच झाले. माझी दोन्ही मुलं इथे जन्मली, इथे मतदान करतात. मी शाळेत सहाव्या फॉर्मला, म्हणजे आपल्याकडच्या बारावीच्या वयाच्या मुलांना, कॅरिबियन स्टडीज शिकवते. हेच म्हणणं इंग्रजीत तुमच्या सचिवालयाकडे वेगळं पाठवलं आहे. मराठीत लिहिण्याचं कारण असं की माझ्या माहेरच्या माणसांना हा प्रदेश क्रिकेटपलीकडे फारसा ठाऊक नाही, आणि आता भारताचं सरकारही इथल्या प्रशिक्षणात भागीदार झालं आहे. त्याबद्दल पुढे बोलतेच.

माझे वडील राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत वाढले. सभा कशी चालवायची, ठराव कसा मांडायचा, विरोधी मत शांतपणे कसं ऐकून घ्यायचं, वर्गणीचा हिशेब कसा ठेवायचा, हे त्यांना कुणीतरी बसवून शिकवलं होतं. त्यांनी निवडणूक कधीच लढवली नाही. पण गावातल्या कुठल्याही बैठकीत त्यांच्यासमोर गोलमाल करणं अवघड जायचं. लोकशाहीत असं शिकवावं लागतं, ही गोष्ट मी घरातून घेऊन आले.

आणि तुमच्या प्रदेशाला तर ती माझ्या वडिलांच्या आधीपासून माहीत होती. १९५५ च्या जून महिन्यात इतिहासकार एरिक विल्यम्स, जे पुढे त्रिनिदादचे पहिले पंतप्रधान झाले, कॅरिबियन आयोगातली नोकरी गेल्यावर पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफर्ड स्क्वेअरमध्ये उभे राहिले आणि लोकांना इतिहास, राज्यघटना, अर्थकारण शिकवू लागले. समोर रेड हाउस, म्हणजे विधिमंडळाची इमारत. अलीकडच्या बाजूला झाडांखाली गोदीत काम करणारे, शिंपी, शाळामास्तर, घरकाम करणाऱ्या बायका. लोक त्याला वुडफर्ड स्क्वेअरचं विद्यापीठ म्हणायचे. पुढच्या वर्षी जानेवारीत त्यांचा पक्ष निघाला, सप्टेंबरात निवडणूक जिंकली. १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा इथल्या सामान्य मतदाराला घटना म्हणजे काय याची बऱ्यापैकी जाण होती, कारण ती त्याला भर चौकात शिकवली गेली होती.

त्याच्याही आधी कामगार संघटनांनी हे काम केलं. १९३७ च्या जूनमध्ये फिझाबादच्या तेलक्षेत्रात युरायाह बटलर यांच्या नेतृत्वाखाली संप पेटला. त्यातून उभ्या राहिलेल्या तेल कामगारांच्या संघटनेला आकार देणाऱ्यांत एड्रियन कोला रिएन्झी होते, मूळ नाव कृष्ण देवनारायण, करारावर आलेल्या भारतीय मजुरांच्या वंशातले वकील. आफ्रिकी आणि भारतीय वंशाचे कामगार एकाच संघटनेत बसून सभाशास्त्र शिकले. विद्यापीठातही तेच. १९६८ च्या ऑक्टोबरात जमैका सरकारने वेस्ट इंडीज विद्यापीठात शिकवणारे गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांना देशात परत येऊ दिलं नाही तेव्हा विद्यापीठाच्या जमैकातल्या मोना इथल्या विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष मोर्चाच्या अग्रभागी होते. ते राल्फ गोन्साल्विस. २००१ मध्ये ते सेंट व्हिन्सेंटचे पंतप्रधान झाले आणि बरीच वर्षं तुमच्याच टेबलाशी बसले.

तुमच्यापैकी अनेकांना कुणीतरी असं घडवलं आहे. संघटनेने, विद्यार्थी परिषदेने, चौकातल्या व्याख्यानांनी. त्या जागा एकेक करून आटल्या. कामगार संघटना लहान झाल्या, चौकातली व्याख्यानं संपून तिथे ध्वनिक्षेपकाच्या भिंती आणि गाणी आली. जॉर्जटाउनमध्ये राष्ट्रकुलाचं युवा केंद्र होतं, तसंच आपल्याकडे चंदीगडला होतं. तिथे युवा कार्यकर्त्यांसाठी पदविका चालायची. दशकभरापूर्वी राष्ट्रकुल सचिवालयाने आपली ही प्रादेशिक केंद्रं बंद केली. त्याच्या जागी तुम्ही काय उभारलंत, हा माझा पहिला प्रश्न.

आता तक्रारी मांडते.

तरुणांना तुम्ही पाहुण्यासारखं वागवता. १९९३ पासून कॅरिकॉमचे युवा राजदूत आहेत, प्रत्येक देशातून दोघे. गुणी मुलं असतात, मी काहींना ओळखते. पण त्यांना अधिकार नाही, मत नाही, आणि मुदत संपली की पुढे जाण्याचा रस्ता नाही. देशोदेशी युवा संसद भरते. एक दिवस मुलं खऱ्या खासदारांच्या खुर्च्यांवर बसतात, फोटो निघतात, सभापती कौतुक करतात. माझी एक विद्यार्थिनी अशा युवा संसदेत मंत्री झाली होती. कॅरोनीच्या सखल भागात दर पावसाळ्यात पाणी का भरतं, नाल्यांच्या सफाईचा पैसा कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात जातो, असं अभ्यास करून बोलली. त्यानंतर ती एका पक्षात गेली. पक्षाचं नाव सांगत नाही, दुसऱ्या पक्षात गेली असती तरी फार वेगळं घडलं नसतं असं मला वाटतं. तिथे तिला काय काम मिळालं? टी-शर्ट वाटणं, वॉकअबाउटच्या, म्हणजे प्रचारफेरीच्या, वेळी पाण्याच्या बाटल्या पोचवणं, उमेदवारामागे झेंडा धरून चालणं, नेत्याचे व्हिडिओ मोबाइलवरून पुढे ढकलणं. महाराष्ट्रात याला सतरंज्या उचलणं म्हणतात. कष्टाचं काम करायला तिची ना नव्हती. पण मतदारसंघाच्या बैठकीत खर्चाचा तक्ता मागितला तेव्हा "तुझी वेळ येईल" असं सांगून तिला बसवलं गेलं. स्क्रीनिंगच्या वेळी, म्हणजे उमेदवार निवडताना, ज्याच्या घरात आधीच खासदारकी होती त्याला तिकीट मिळालं. ती आता टोरंटोजवळ एका विमा कंपनीत काम करते. मागे फोनवर म्हणाली, "मिस, मला हरायचं दुःख नाही. मला शिकायलाच मिळालं नाही."

तिच्यासारख्यांचं जाणं हा योगायोग नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २००६ च्या अभ्यासात म्हटलं होतं की कॅरिबियनमधल्या अनेक देशांनी बारावीच्या पुढे शिकलेल्या आपल्या मनुष्यबळापैकी ७० टक्क्यांहून अधिक परदेशी गमावलं आहे. पगार हे कारण मोठं आहे, मान्य. पण आपल्या गावाच्या कारभारात आपल्याला जागा नाही, हेही कारण आहे आणि ते दूर करायला तेलाचे साठे लागत नाहीत.

दुसरी तक्रार स्थानिक संस्थांची. राजकारण शिकायची पहिली इयत्ता म्हणजे नगरपालिका आणि ग्रामपातळीची परिषद. तिथे चूक केली तर एक गल्ली तुंबते, देश बुडत नाही. गयानात १९९४ नंतर स्थानिक निवडणुका थेट २०१६ मध्ये झाल्या. बावीस वर्षं! एक अख्खी पिढी मतदार होऊन, लग्न करून, मुलांना शाळेत घालूनही आपल्या वस्तीचा प्रतिनिधी निवडू शकली नाही. जमैकात २०१६ नंतरची स्थानिक निवडणूक पुढे ढकलत ढकलत २०२४ च्या फेब्रुवारीत झाली. त्रिनिदादमध्ये २०२२ साली सरकारने स्थानिक प्रतिनिधींची मुदत परस्पर वाढवली. मे २०२३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्रिनिदादच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, तो निर्णय बेकायदा ठरवला आणि मग ऑगस्टमध्ये मतदान झालं. बार्बाडोस आणि ग्रेनाडात तर निवडून आलेली स्थानिक संस्थाच नाही. मराठी वाचकांना हे परकं वाटणार नाही. मुंबई महापालिका २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिली, तेव्हा नव्या नगरसेवकांची किती रोपं तिथे वाळली असतील याचा अंदाज आपल्याला आहे. आणि नव्वदच्या दशकात महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका बंद झाल्यावर महाराष्ट्राने नेतृत्वाची कुठली खाण गमावली, तेही आपण पाहिलं आहे.

बार्बाडोसबद्दल आणखी एक. २०१८ मध्ये एकाच पक्षाने तीसपैकी तीस जागा जिंकल्या, २०२२ मध्ये पुन्हा तीसपैकी तीस. लोकांनी दिलेला कौल आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या सभागृहात विरोधी बाकांवर निवडून आलेला कुणीच नाही, त्या देशातल्या वीस वर्षांच्या मुलाने विरोध करणं म्हणजे काय हे कुठे पाहायचं? दोन्ही वेळा सत्ताधारी पक्षातलाच एक सदस्य बाहेर पडून विरोधी पक्षनेता झाला, तेव्हा कुठे ती खुर्ची भरली.

तिसरी तक्रार प्रत्यक्ष शिकवण्याची. त्यासाठी गयानाच्या २०२० च्या निवडणुकीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण प्रशिक्षणाची गरज मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसली आणि तुम्ही सगळे तिचे साक्षीदार आहात.

मतदान २ मार्चला झालं. गयानात प्रत्येक मतदान केंद्रावरची मोजणी संपली की निकालाचं पत्रक भरलं जातं, त्याला स्टेटमेंट ऑफ पोल म्हणतात. पक्षांचे पोलिंग एजंट त्यावर सह्या करतात, प्रत घेतात, एक प्रत केंद्राबाहेर लावली जाते. जॉर्जटाउन ज्यात येतं त्या चौथ्या विभागाची बेरीज करताना जाहीर होणारे आकडे आणि या पत्रकांवरचे आकडे जुळेनात. पुढचे पाच महिने देश श्वास रोखून होता. कोर्टकज्जे झाले, परदेशी निरीक्षकांनी आक्षेप घेतले, तुमच्या तेव्हाच्या अध्यक्ष, बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली आणि इतर पंतप्रधान स्वतः जॉर्जटाउनला गेले. मे-जूनमध्ये तुमच्या तीन सदस्यांच्या पथकासमोर फेरमोजणी झाली. जुलैमध्ये कॅरिबियन न्यायालयाने निकाल दिला. २ ऑगस्टला विजेता जाहीर झाला. दोन आघाड्यांमधला फरक होता १५,४१६ मतांचा.

या सगळ्यात देश कशावर तगला? मोठ्या नेत्यांच्या भाषणांवर नाही. कुठल्याशा शाळेच्या खोलीत मध्यरात्री कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात बसलेल्या एखाद्या एजंटने सही करण्याआधी बेरीज तपासली आणि आपली प्रत जपून घरी नेली, यावर तगला. ती पत्रकं हातात होती म्हणून खोटा आकडा पकडता आला. अशा एजंटांत कितीतरी तरुण असतात. मी तेव्हापासून वर्गात हा प्रसंग शिकवते आणि दरवर्षी मुलांना विचारते की निकालाचं पत्रक कसं दिसतं, सही नाकारायची असेल तर काय करायचं, फेरमोजणी कुणाकडे आणि किती वेळात मागायची. कुणालाही येत नाही. ही हुशार मुलं आहेत. त्यांना घटनेतली कलमं पाठ असतात, कॅरिबियनमधल्या अशांततेची चौकशी करणारा ब्रिटिशांचा मॉइन आयोग कधी आला ते येतं, पण लोकशाही ज्या कागदावर उभी आहे तो कागद त्यांनी कधी पाहिलेला नसतो. अर्थसंकल्प कसा वाचायचा, विधेयकाला दुरुस्ती कशी सुचवायची, समितीपुढे साक्ष देताना काय विचारतात, सत्ता गेल्यावर कागदपत्रं कशी सोपवायची, हेही कुणी शिकवत नाही.

तुम्ही फेरमोजणीला पथक पाठवलंत, निवडणुकांना निरीक्षक पाठवता, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण आग लागल्यावर धावणारी माणसं तुमच्याकडे आहेत आणि आधी शिकवणारी नाहीत.

चौथी तक्रार लिहिताना हात जड होतो. तुम्ही शिकवत नाही तिथे दुसरं कुणीतरी शिकवतं. जमैकात किंग्स्टनच्या गॅरिसन म्हणवल्या जाणाऱ्या वस्त्यांत दोन्ही मोठ्या पक्षांनी घरं आणि कामं मतांच्या बदल्यात वाटली, मग त्या वस्त्या डॉनच्या हाती गेल्या. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात आठशेच्या आसपास माणसं मारली गेली. मे २०१० मध्ये अशाच एका वस्तीत, टिव्होली गार्डन्समध्ये, पोलीस आणि लष्कर शिरलं तेव्हा सत्तरच्या आसपास नागरिकांचा जीव गेला. त्या वस्त्यांतल्या मुलांनाही राजकारणाचं प्रशिक्षण मिळत होतंच: कुणाच्या बाजूने उभं राहायचं, कुठल्या रस्त्यापलीकडे जायचं नाही, मतदानाच्या दिवशी काय करायचं. त्रिनिदादमध्ये २७ जुलै १९९० ला सशस्त्र उठाव करून रेड हाउसवर चालून गेलेल्यांत अनेक अगदी कोवळ्या वयाचे होते. आणि हैती! तोही तुमचाच सदस्य आहे, २००२ पासून. राष्ट्राध्यक्षांची हत्या जुलै २०२१ मध्ये झाली, जानेवारी २०२३ मध्ये शेवटच्या सिनेटरांची मुदत संपली आणि देशात निवडून आलेला एकही राष्ट्रीय प्रतिनिधी उरला नाही. युनिसेफच्या अंदाजानुसार तिथल्या सशस्त्र टोळ्यांत ३० ते ५० टक्के लहान मुलं आहेत. उद्या हैतीत निवडणूक झाली तरी उभं राहायला, मोजायला, सभागृह चालवायला तयार माणसं कुठून येणार, याचा विचार आज करायला हवा.

पैशाबद्दल थोडक्यात. आजवर जी काही प्रशिक्षणं झाली त्यांतली बरीच परदेशी मदतीवर चालली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत एका आदेशाने थांबवली. आपल्या खासदारांना कोण घडवणार हे वॉशिंग्टनच्या तिजोरीवर ठरावं, हे स्वाभिमानी देशांना शोभत नाही. ते दिल्लीवरही ठरू नये, हे मी भारतीय वंशाची म्हणून मुद्दाम सांगते.

"हे काम पक्षांचं आहे," असं उत्तर मला याआधी मिळालं आहे. पक्षांच्या युवक शाखा आहेत, काही जुन्या आणि चांगल्या आहेत. पण त्या आपापल्या माणसांना आपापल्या भिंतीआड शिकवतात. त्रिनिदाद आणि गयानात या भिंती वंशाच्याही आहेत. गयानात १९५३ मध्ये भारतीय वंशाचे छेदी जगन आणि आफ्रिकी वंशाचे फोर्ब्स बर्नहॅम एकाच पक्षातून जिंकले. ब्रिटिशांनी १३३ दिवसांत ते सरकार उलथवलं, दोन वर्षांत पक्ष फुटला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला शेजारी शेजाऱ्याच्या घराला आग लावू लागले. ती जखम अजून भरलेली नाही. त्रिनिदादमध्ये १२ मार्च १९७० ला पोर्ट ऑफ स्पेनहून आफ्रिकी तरुण उसाच्या कॅरोनीपर्यंत चालत गेले, भारतीय आणि आफ्रिकी एक व्हा असे फलक घेऊन. त्यांत विद्यापीठातली मुलं होती. तो प्रयत्न पुरा झाला नाही, पण कुणाला तरी ते सुचलं होतं. वेगवेगळ्या पक्षांची आणि वंशांची वीस-बावीस वर्षांची मुलं एका वसतिगृहात राहिली, एकाच अर्थसंकल्पावर भांडली, एकत्र जेवली, तर पुढे सभागृहात समोरासमोर आल्यावर एकमेकांना शत्रू समजणं त्यांना जड जाईल. हे पक्षाची युवक शाखा करू शकत नाही. तुम्हीच करू शकता.

"आमचे देश लहान, परवडत नाही," हे दुसरं उत्तर. एकेकट्या देशाला परवडत नाही हे खरं आहे. म्हणूनच १९४८ मध्ये सामायिक विद्यापीठ निघालं, १९७२ मध्ये सामायिक परीक्षा मंडळ, २००५ मध्ये सामायिक न्यायालय. माझे विद्यार्थी जी प्रश्नपत्रिका सोडवतात तीच अँटिग्वातलं आणि बेलीझमधलं मूल सोडवतं. वादळ आलं की सामायिक आपत्ती यंत्रणा धावते. आपण परीक्षा एकत्र घेऊ शकतो, न्याय एकत्र करू शकतो, क्रिकेट एकत्र खेळतो. लोकप्रतिनिधी घडवण्याचं कामही याच रीतीने करता येईल.

म्हणून माझ्या मागण्या.

लोकशाही नेतृत्वासाठी एक कायमची प्रादेशिक प्रशिक्षण संस्था काढा. ती वेस्ट इंडीज विद्यापीठाशी जोडलेली असावी, गयाना, सुरिनाम आणि हैतीतल्या विद्यापीठांना बरोबरीचं स्थान असावं, आणि शिकवणं इंग्रजीइतकंच डच, फ्रेंच आणि हैतीच्या क्रेओलमध्ये व्हावं. सुरिनाम आणि हैतीच्या मुलांना आजवर प्रत्येक कार्यक्रमात मागच्या रांगेत बसवलं गेलं आहे.

प्रवेश पक्षाच्या चिठ्ठीवर नको. निवड मंडळावर सत्ताधारी, विरोधक, कामगार संघटना आणि विद्यापीठ यांचे प्रतिनिधी असावेत. कुठल्याही पक्षात नसलेल्यांना, विद्यापीठाची पायरी न चढलेल्यांना, मच्छीमार वस्तीतल्या आणि उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना राखीव जागा ठेवा. मुलींसाठी निम्म्या जागा असाव्यात. युजिनिया चार्ल्स १९८० मध्ये डॉमिनिकाच्या पंतप्रधान झाल्या, आज तुमच्या बैठकीत महिला पंतप्रधान बसतात, तरीही पक्षांच्या बैठकांत मुली चहापाण्याच्या टेबलाशीच दिसतात.

प्रशिक्षणातला मोठा भाग प्रत्यक्ष कामाचा असावा. एक वर्ष एखाद्या नगरपालिकेत, लोकलेखा समितीच्या कार्यालयात किंवा निवडणूक आयोगात. त्यासाठी स्थानिक निवडणुका वेळेवर घ्या आणि त्या ढकलता येणार नाहीत असा कायदा करा. जिथे निवडून आलेली स्थानिक संस्था नाही तिथे ती आणा.

पैसा सदस्य देशांनी स्वतःच्या अर्थसंकल्पातून द्यावा. परदेशी मदत घ्यायची तर ती पूरक असावी आणि तिचा हिशेब उघड असावा.

त्रिनिदादच्या घटनेत मत अठराव्या वर्षी देता येतं, पण सिनेटमध्ये बसायला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. ही अट काढा. इतर देशांतल्या अशा अटींचाही एकदा आढावा घ्या.

आणि पारामारिबो जाहीरनाम्याचं आणि २०१२-२०२२ आराखड्याचं काय झालं ते देशवार, साध्या भाषेत प्रसिद्ध करा. जे झालं नाही तेही लिहा. माझ्या विद्यार्थ्यांना खरं वाचायची सवय आहे.

आता भारत सरकारला दोन शब्द. २० नोव्हेंबर २०२४ ला जॉर्जटाउनमध्ये दुसरी भारत-कॅरिकॉम शिखर परिषद झाली आणि भारताने परदेशी लोकांना प्रशिक्षण देणाऱ्या आपल्या आयटेक योजनेखाली पाच वर्षांत कॅरिकॉम देशांसाठी आणखी एक हजार प्रशिक्षण जागा जाहीर केल्या. यातल्या काही जागा तरुण लोकप्रतिनिधींसाठी आणि निवडणूक यंत्रणेत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे. दिल्लीत निवडणूक आयोगाची प्रशिक्षण संस्था आहे. पुण्याला यशदा आहे, जिथे सरपंच आणि नगरसेवक शिकतात. टोबॅगोतल्या एखाद्या मुलीने सातारा जिल्ह्यातली ग्रामसभा बघावी, तिथली महिला सरपंच निधीसाठी अधिकाऱ्याशी कशी भांडते ते ऐकावं, असं मला फार वाटतं. निवड मात्र इथल्या संस्थेने करावी आणि भारतीय वंशाच्याच मुलांना झुकतं माप मिळू नये. महाराष्ट्रातल्या वाचकांनी आपापल्या खासदारांना याबद्दल जरूर विचारावं.

जमैकाच्या २०२० च्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे ३७ टक्के मतदान झालं. २०२५ मध्येही ते चाळीसच्या आसपासच राहिलं. माझ्या वर्गात मी विचारते की तुमच्यापैकी कुणाला निवडणूक लढवावीशी वाटते, तेव्हा हात वर होतात, थोडे असतात पण होतात. त्यांना पुढे कुठे पाठवायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते तुमच्याकडून हवं आहे.

येत्या जुलैच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, संस्थेचा आराखडा तयार करायला एका वर्षाच्या मुदतीची समिती नेमा आणि तिच्यात तिशीखालचे किमान निम्मे सदस्य ठेवा. समितीसाठी वर्गातल्या धड्यांचा कच्चा मसुदा मी आणि इतर बेटांवरचे काही शिक्षक मिळून तयार करत आहोत. मागाल त्या दिवशी पाठवू.

आपली,
एक शिक्षिका आणि मतदार
सेंट ऑगस्टीन, त्रिनिदाद